साष्टीचा भात आणि उपनगरांचें वजन

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर हीं नांवें आज आगगाडीच्या स्थानकांचीं म्हणून ओळखलीं जातात. दीडशें वर्षांपूर्वीं तीं खेड्यापाड्यांचीं नांवें होतीं, आणि त्या खेड्यांचा मुख्य उद्योग भाताच्या शेतीचा होता. मुंबई बेटाच्या उत्तरेस पसरलेल्या या साष्टीवर १५३४ मध्यें पोर्तुगीज आले, १७३७ मध्यें मराठे आले, १७७४ च्या अखेरीस इंग्रज आले आणि सालबाईच्या १७८२ च्या तहानें तें बेट इंग्रजांकडे कायम झालें. पण राज्य कोणाचेंहि असो, आषाढांत लावणी आणि आश्विन-कार्तिकांत कापणी हा क्रम चुकला नाहीं. पावसाचें पाणी खाचरांत अडवावयाचें, खाडीलगत बांध घालून खारी जमीन गोडी करावयाची आणि वर्षाचा दाणा कणगींत भरावयाचा, एवढ्यावर आगरी, कुणबी, भंडारी, पांचकळशी आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांचे संसार चालत. कोळ्यांच्या घरीं मासळी असे. तीहि भातावांचून पोटांत उतरत नसे. याच भूमीवर उभ्या राहिलेल्या इमारतींत आतां भात, पोळी, साखर आणि बटाटा यांना ताटांतून हद्दपार करण्याचे संकल्प सोडले जातात आणि बहुधा दोन-तीन महिन्यांत मोडलेहि जातात. हें कसें घडलें, याचा इतिहास मनोरंजक आहे. थोडा खिन्न करणाराहि आहे.

साष्टीच्या जुन्या शेतकऱ्याचें ताट आजच्या आहारशास्त्रज्ञानें पाहिलें तर तो चपापेल. सकाळीं पेज, दुपारीं भात नाहीं तर तांदळाची भाकरी, तोंडीं लावावयास सुकट किंवा एखादें पातळ कालवण, आणि रात्रीं पुन्हां भात. म्हणजे दिवसाचे बहुतेक सारे उष्मांक एकट्या धान्यांतून येत. तरीहि तो माणूस फुगला नाहीं, याचें कारण त्याच्या ताटांत शोधून सांपडणार नाहीं. तें त्याच्या पायांखालच्या चिखलांत होतें. नांगरणी, चिखलणी, लावणी, बांधबंदिस्ती आणि पावसाळा सरल्यावर मिठागरांतील मजुरी, हीं सारीं अंग मोडून करावयाचीं कामें. खाल्लेला दाणा त्यांत जळून जाई. शिवाय दाणा बारा महिने पुरेच असेंहि नव्हतें. नवें पीक हातीं येण्यापूर्वींच्या महिन्यांत कणगी तळाला लागे आणि सावकाराच्या वहींत नांव चढे. अशा समाजांत अंगानें भरलेला मनुष्य दिसला म्हणजे त्याच्या घरीं बरें चाललें आहे एवढाच त्याचा अर्थ लोक करीत.

१८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली. १८६७ पासून पश्चिमेच्या अंगानें विरारहून मुंबईस गाडी येऊं लागली. १९२० मध्यें उपनगरांचा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांनीं हीं गांवें बृहन्मुंबईंत विलीन झालीं. खाचरें बुजलीं, चाळी उठल्या, पुढें चाळींच्या जागीं सोसायट्या आल्या. भात पिकविणारा मागें सरला आणि भात खाणारा तेवढा राहिला. हा नवा रहिवासी कचेरींत खुर्चीवर बसून काम करी. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेनें त्याच्या घरचें अन्न त्याच्या टेबलापर्यंत नेऊन पोंचविलें. पण त्या डब्यांत अन्न शेतकऱ्याच्या प्रमाणाचेंच राहिलें. चार पुडांपैकीं एका पुडांत पोळ्या, एकांत भात, उरलेल्या दोहोंत भाजी आणि वरण. अर्धा डबा धान्याचा! काम बदललें, मापटें बदललें नाहीं. उपनगरांच्या वाढत्या वजनाचें मूळ या एका गोष्टींत जितकें आहे, तितकें दुसऱ्या कोणत्याहि गोष्टींत क्वचितच असेल.

मापटें न बदलण्यास आणखी एक कारण घडलें, आणि तें सुबत्तेचें नसून टंचाईचें होतें. मार्च १९४२ मध्यें रंगून पडलें आणि ब्रह्मदेशांतून दरवर्षीं येणारा लाखों टन तांदूळ एकाएकीं थांबला. मुंबईचा फार मोठा वर्ग तांदूळ खाणारा. त्याच्या पोटावरच हा घाव बसला. मे १९४३ मध्यें मुंबई शहरांत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. त्याच वर्षीं सर थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें मोठ्या शहरांतून नियंत्रित वाटप करावें आणि प्रौढ माणसास दररोज एक पौंड धान्य मिळावें अशी शिफारस केली. एक पौंड धान्य म्हणजे सुमारें सोळाशें उष्मांक. १९४६ मध्यें तें माप बारा औंसांवर आलें, म्हणजे सुमारें बाराशें उष्मांकांवर. याच सुमारास बंगालमध्यें माणसें अन्नान्न करून रस्त्यांत मेलीं होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मुंबईच्या त्या शिधापत्रिकेचें मोल कळतें. तिनें लक्षावधि लोक जगविले. परंतु जगवितांना तिनें एक संस्कारहि करून ठेवला. अन्न म्हणजे धान्य, आणि धान्य म्हणजे पत्रिकेवर मिळतो तो पवित्र दाणा, हें समीकरण त्या पिढीच्या मनावर कोरलें गेलें. तांदूळ खाणाऱ्या घरांत गहूं, ज्वारी, बाजरी शिरलीं; कोंकणांतून आलेल्या बायका पोळ्या लाटावयास शिकल्या; आणि भात कमी झाला नाहीं, त्याला पोळीची जोड मात्र मिळाली. रांगेंत उभें राहून आणलेल्या तांदळाचें एक शीत टाकावयाचें नाहीं, हा दंडक आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे आला. रात्रीचा उरलेला भात सकाळीं फोडणीस पडतो आणि तो बहुतेक घरांत गृहिणीच्याच वाट्यास येतो, त्यामागें हाच दंडक आहे.

टंचाई त्या युद्धाबरोबर संपली नाहीं. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षीं गोरेगांवच्या मृणाल गोरे आणि त्यांच्याबरोबर अहिल्या रांगणेकर यांनीं महागाईविरुद्ध स्त्रियांची संघटना उभी केली आणि लाटणें हातीं घेतलेल्या हजारों बायका रस्त्यावर आल्या. त्या मोर्च्यांची मागणी धान्य, साखर, तेल व रॉकेल वेळेवर आणि रास्त भावानें मिळावें ही होती. त्या बायकांना कोणी पोळी आणि साखर सोडण्याचा उपदेश केला असता तर त्यांनीं लाटण्याचा दुसरा उपयोग करून दाखविला असता. त्याच उपनगरांतील त्यांच्या कित्येक नाती आज त्या दोन पदार्थांपासून सुटका करून घेण्याच्या खटपटींत आहेत.

मधल्या काळांत स्वस्त पिष्टान्नाचे नवे प्रकार उपनगरांच्या दारींच तयार होऊं लागले होते. अंधेरीच्या शेजारीं पार्ल्यास १९२९ मध्यें मोहनलाल दयाळ चौहान यांनीं मिठाईचा एक लहानसा कारखाना काढला. दहा वर्षांनीं तेथें बिस्किटें होऊं लागलीं, आणि त्या ग्लुकोज बिस्किटांनीं गांवाचें नांव देशभर नेलें. भाजलेल्या बिस्किटांचा गोड वास आगगाडींतून जाणाराला पार्लें आल्याची वर्दी देत असे. तो कारखाना २०१६ मध्यें बंद झाला. उपासाचा साबुदाणा पूर्वीं मलायाकडून येई. महायुद्धांत ती वाट बंद पडल्यावर सेलम भागांत टॅपिओकाच्या कंदांपासून तो बनूं लागला. शंभर ग्रॅम साबुदाण्यांत पंचाऐंशी ग्रॅमांहून अधिक निव्वळ पीठ असतें आणि प्रथिनें जवळजवळ नसतात. त्याची खिचडी, वर बटाट्याच्या फोडी, यालाच आपल्याकडे लंघन म्हणतात! बटाटा तर पोर्तुगिजांबरोबर आलेला. त्यालाच बेसनाच्या पिठांत बुडवून, तळून, मैद्याच्या पावांत घालण्याची कल्पना १९६६ मध्यें दादरच्या स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर रूढ झाली आणि पाहतां पाहतां प्रत्येक उपनगराच्या फलाटाबाहेर जाऊन पोंचली. उलट बाजूस गोरेगांवच्या डोंगरांत १९४९ मध्यें दारा खुरोडी यांच्या पुढाकारानें आरे दुग्धवसाहत वसली आणि शहराला शुद्ध दूध मिळूं लागलें. पण त्या दुधाचा पुष्कळसा भाग साखर घातलेल्या चहांतच गेला.

आतां या कथेचें दुसरें टोंक पाहावयास हवें, आणि त्यासाठीं लंडनला जावें लागतें. १८६२ च्या ऑगस्टमध्यें तेथें विल्यम बँटिंग नांवाचा एक पासष्ट वर्षांचा निवृत्त गृहस्थ आपल्या देहाला विटला होता. राजघराण्यांतील व सरदारांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणें हा त्याच्या घराण्याचा धंदा. उंची पांच फूट पांच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ब्याण्णव किलो. त्याला वांकून बुटाची नाडी बांधतां येत नसे, आणि गुडघ्यांवर भार नको म्हणून जिना उलट्या पावलांनीं उतरावा लागे. उपाय करण्यांत त्यानें कांहीं बाकी ठेवलें नव्हतें. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो रोज सकाळीं नदीवर होडी वल्हवी. त्यानें भूक वाढली, आणि भुकेबरोबर वजन वाढलें. वाफेचीं स्नानें झालीं, औषधी पाणी झालें. शेवटीं ऐकूं कमी येऊं लागलें म्हणून तो विल्यम हार्वे या कर्णवैद्याकडे गेला. हार्वेनें पॅरिसमध्यें क्लॉड बर्नार यांचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. यकृत स्वतःच शर्करा तयार करतें आणि सांठवितें, हा बर्नार यांचा शोध त्या वेळीं ताजा होता. त्यावरून हार्वेनें तर्क केला कीं, शर्करा आणि पिष्ट यांचा मेदाशीं कांहींतरी संबंध असावा. आणि त्यानें बँटिंगला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे हे पदार्थ वर्ज्य करावयास सांगितलें.

बँटिंगनें तें पथ्य अक्षरशः पाळलें. मांस, मासे, बटाट्याखेरीज भाज्या, बिनदुधाचा व बिनसाखरेचा चहा आणि दर जेवणास एखादा औंस कोरडा भाजलेला पाव. वर्षभरांत त्याचें वजन ४६ पौंडांनीं उतरलें आणि कानहि सुधारले. १८६३ मध्यें त्यानें जनतेस उद्देशून स्थूलतेवर एक पत्ररूप पुस्तिका स्वखर्चानें छापली. तींत विद्वत्तेचा आव नाहीं. एका त्रासलेल्या माणसाची हकिगत आहे, आणि म्हणूनच ती लोकांना पटली. तिच्या आवृत्त्या निघाल्या. इंग्रजी भाषेंत त्याच्या आडनांवाचें क्रियापद बनलें. स्वीडनमध्यें वजन उतरविण्यास आजहि ‘बांता’ हाच शब्द आहे. वैद्यांनीं मात्र त्याला झोडपलें. एका शववाहकानें देहाच्या शास्त्रांत बोलावें हें त्यांना रुचलें नाहीं. आणि हार्वेजवळ उपाय होता, त्याचें निर्विवाद स्पष्टीकरण नव्हतें, हेंहि खरें. बँटिंग १८७८ मध्यें एक्याऐंशीव्या वर्षीं वारला.

बँटिंगची कथा सांगतांना आपल्याकडील वाचक सहसा म्हणतो, हें सारें आमच्या चरकानें आधींच सांगितलें आहे. तें पूर्ण खरें नाहीं आणि पूर्ण खोटेंहि नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘अष्टौनिन्दितीय’ नांवाचा अध्याय आहे. निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांपैकीं अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा तेथें विस्तारानें विचार केला आहे, आणि दोहोंत कृशता बरी असा स्पष्ट निवाडा दिला आहे. अतिस्थूलाला दिवसां झोंप, बैठें सुख आणि गोड-स्निग्ध पदार्थ नडतात. त्याला पचावयास जड पण पोषणास हलकें असें अन्न द्यावें, असा उपचाराचा गाभा. सुचविलेल्या पदार्थांत यव, सावा, कोद्रू, मूग, कुळीथ हीं नांवें येतात. प्रमेहाच्या प्रकरणांत तर नवें धान्य, गुळाचे पदार्थ, दहीं-दूध आणि सुखाची बैठक यांना रोगाचें कारण म्हटलें आहे, आणि रोग्याचें मुख्य अन्न म्हणून जव सांगितला आहे. म्हणजे चरकानें धान्य काढून घेतलें नाहीं. धान्याची जात बदलली. बँटिंगच्या ताटांत मांसाचा वांटा वाढला, आयुर्वेदाच्या ताटांत भरड धान्याचा आणि कडधान्याचा. उपनगरांतल्या शाकाहारी घरांना दुसरी वाट अधिक जवळची वाटावी यांत नवल नाहीं. या दोन वाटा एकच आहेत असें मानल्यामुळें मात्र पुष्कळ घोंटाळा झाला आहे.

स्थूलतेपेक्षां मधुमेहाच्या बाबतींत हा आहार अधिक गंभीरपणें वापरला गेला. १७९७ मध्यें जॉन रोलो या स्कॉटिश लष्करी वैद्यानें मधुमेहावर मांसप्रधान, पिष्टवर्जित पथ्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन यांनीं मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून कांहीं महिने, कांहीं वर्षें जगविलें. हाडांचे सापळे झालेलीं तीं मुलें जगलीं ती इन्शुलिन येईपर्यंत तग धरावी एवढ्याच आशेवर. १९२१ मध्यें टोरोंटोंत तें इन्शुलिन हातीं लागलें, आणि त्याच्या शोधकाचें आडनांवहि योगायोगानें बँटिंगच. फ्रेडरिक बँटिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या शोधानें पथ्याची ती क्रूर सक्ती संपली. जानेवारी १९२२ मध्यें पहिल्या मुलाला टोंचणी मिळाली. पुढें पन्नास वर्षें कर्बोदकें तोडण्याचा आहार मागें पडला. स्निग्ध पदार्थ हृदयाला घातक असा प्रवाह आला, आणि त्या प्रवाहाविरुद्ध १९७२ मध्यें रॉबर्ट ॲटकिन्स यांनीं पुस्तक लिहून जुनें पथ्य नव्या नांवानें गाजविलें.

भारतीयांच्या बाबतींत या प्रश्नाला एक वेगळें वळण आहे, आणि तें दाखविण्याचा मान पुण्याकडे जातो. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन या दोघां मित्रांचें एक छायाचित्र २००४ मध्यें ‘लॅन्सेट’ मध्यें छापून आलें. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक नेमका एकच, २२.३. पण यूडकिन यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आंतून मेदानें भरलेला, असा हा भारतीय देह. कांट्यावर वजन बरोबर दिसतें, पोट मात्र सुटलेलें असतें, आणि चाळिशींतच रक्तांतील साखर चढते. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आय. सी. एम. आर. च्या देशव्यापी पाहणीनें भारतांतील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेल्याचें सांगितलें. त्यामुळें उपनगरांतील कुटुंबांत हा आहार केवळ नटण्यामुरडण्याच्या हौसेनें येतो असें म्हणणें अन्यायाचें होईल. बहुधा तो वडिलांच्या पायावरची जखम भरत नाहीं म्हणून, किंवा मुलाच्या नोकरीपूर्वींच्या तपासणींत साखर निघाली म्हणून येतो.

महाराष्ट्रांत या विषयाला घराघरांत नेलें तें नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानानें. अनेक पदव्या मिळविलेले हे गृहस्थ २००४ मध्यें अपघातांत गेले. पण त्यांचा विचार पुढें लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं उचलला. कडक भूक लागेल तेव्हां, दिवसांतून दोनच वेळां, पंचावन्न मिनिटांच्या आंत जेवावें. मध्यें कांहीं खाऊं नये. आणि पंचेचाळीस मिनिटें चालावें, असा त्यांचा सुटसुटीत नियम. प्रत्येक खाण्याबरोबर इन्शुलिन स्रवतें, म्हणून खाण्याच्या वेळाच तोडाव्या, हा त्यामागील युक्तिवाद. हा अल्पधान्य आहार नव्हे. पण दहा वेळां चहा-बिस्किट घेणाऱ्याच्या ताटांतील कर्बोदकें त्यानें आपोआप घटतात. दुसरीकडे मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांनीं २००९ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकापासून थोड्या थोड्या अंतरानें खावें, घरचा भात व तूप यांना भिऊं नये, आजीच्या स्वयंपाकघराकडे परत जावें, असा पक्ष मांडला. २०१८ च्या सुमारास या दोन मतांचा वाद महाराष्ट्रांत चांगलाच रंगला. एकाच डब्याच्या लोकलमध्यें एकजण दर दोन तासांनीं डबी उघडी आणि समोरचा घड्याळाकडे पाहत पाण्याचा घोट घेई. दोघांनाहि कांहीं काळ गुण आला. दोन परस्परविरुद्ध पथ्यांनीं गुण कसा यावा, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाहीं. वस्तुतः दोन्ही पथ्यें पहिल्याच दिवशीं बिस्किट, फरसाण, वडापाव आणि साखरेचा चहा यांवर घाव घालतात. आणि उपनगरांतील माणसाच्या खाण्यांत ध्यानींमनीं नसतां शिरलेला भाग तोच आहे.

कर्बोदकें तोडणाराचा पहिला आठवडा फार उत्साहाचा जातो. शरीरांत, मुख्यतः यकृतांत आणि स्नायूंत, बर्नार यांनीं शोधलेली ती सांठवणीची शर्करा अर्धा किलोच्या आंतबाहेर असते, आणि तिच्यासंगें तिच्या सुमारें तिप्पट वजनाचें पाणी असतें. धान्य बंद होतांच ही सांठवण उतरते, पाणी निघून जातें आणि कांटा दीड-दोन किलोंनीं खालीं येतो. घरांत पेढे वांटावेसे वाटतात, पण पेढे तर वर्ज्य! तिसऱ्या आठवड्यांत कांटा मंदावतो, आणि येथेंच पहिली फळी मोडते. कारण पूर्वींचें उतरलेलें वजन पाण्याचें होतें आणि आतांचें मेदाचें आहे, हें कोणी समजावून सांगितलेलें नसतें. २००३ मध्यें अमेरिकेंत ६३ माणसांवर झालेल्या एका प्रयोगांत अल्पकर्बोदक आहाराच्या गटाचें वजन सहा महिन्यांत अधिक उतरलें, पण वर्ष भरतांना दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाहीं. २०१८ च्या स्टॅनफर्डच्या मोठ्या प्रयोगांत ६०९ जणांपैकीं अर्धे अल्पमेद आणि अर्धे अल्पकर्बोदक आहारावर होते. वर्षाअखेर सरासरी घट अनुक्रमें ५.३ आणि ६ किलो, म्हणजे जवळजवळ सारखीच. आहाराचें नांव कोणतेंहि असो, तो बाराव्या महिन्यांत पाळला जातो कीं नाहीं यावर सारें अवलंबून राहिलें.

बाराव्या महिन्याचा निकाल उपनगरांत बहुधा पहांटे पांच वाजतां, गॅसच्या शेगडीपाशीं लागतो. घरांतील एकाचें पथ्य म्हणजे स्वयंपाक करणारीला दोन स्वयंपाक. मुलांना पोळी हवी, सासऱ्यांना मऊ भात हवा, आणि डब्यांत मात्र पोळीच्या जागीं कोशिंबीर, भाताच्या जागीं मुगाची उसळ, पनीर किंवा अंडीं भरावयाचीं. वर्सोव्याच्या किंवा गोराईच्या कोळी घरांत मासळी मुबलक; तेथें भाताची मूद लहान केली कीं झालें. घाटकोपर-मुलुंडच्या जैन घरांत मासे नाहींत, अंडीं नाहींत. उरतात डाळी, दूध, पनीर, शेंगदाणे आणि भाज्या. डाळ प्रथिनांसाठीं घ्यावी तर शंभर ग्रॅम तुरीच्या डाळींत वीस-बावीस ग्रॅम प्रथिनांबरोबर पन्नास ग्रॅमांहून अधिक कर्बोदकेंहि येतात. अशा घरांत पिष्ट सर्वस्वीं तोडण्याचा अट्टाहास फार दिवस टिकत नाहीं. भात निम्मा करून वरण घट्ट करणें टिकतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेंहि २०२४ मध्यें दिलेल्या मार्गदर्शनांत धान्यांचा वांटा एकूण उष्मांकांच्या सुमारें ४५ टक्क्यांपर्यंत आणावा आणि डाळी, दूध, भाज्या यांचा वाढवावा, असाच मध्यम पल्ला धरला आहे. खरा धोका वेगळ्याच ठिकाणीं आहे. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या चालूं असतां ज्यानें डॉक्टरांना न सांगतां भात-पोळी बंद केली, त्याची साखर एकाएकीं उतरून तो चालत्या गाडींत घाम फुटून कोसळूं शकतो. औषधाचें माप जुन्या ताटावरून ठरविलेलें असतें, आणि ताट बदललें तर तें मापहि बदलून घ्यावें लागतें.

आणि मग खर्चाची गोष्ट येते. तेथें पुन्हां शिधापत्रिकेकडेच वळावें लागतें. उपनगरांत सोसायट्यांच्या कुंपणाला लागून झोंपड्यांच्या वस्त्या आहेत, आणि मधुमेह आतां कुंपण ओळखत नाहीं. सोसायटींतील बाई पनीर, बदाम आणि अंडीं आणून भाताची जागा भरून काढते. तिच्याच घरीं भांडीं घासणारीला सरकारी दवाखान्यांत तोच उपदेश मिळतो, भात कमी करा, पण भाताच्या जागीं काय घालावयाचें याचें उत्तर तिच्या पत्रिकेवर नाहीं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें तिला दरमहा माणशीं पांच किलो धान्याचा हक्क दिला, आणि १ जानेवारी २०२३ पासून तें धान्य विनामूल्य झालें. म्हणजे दिवसास माणशीं सुमारें १६५ ग्रॅम तांदूळ वा गहूं. डाळ त्या हक्कांत नाहीं. १९४३ च्या दुकानांत जो जिन्नस तोलला जाई, तोच आजहि तोलला जातो. २०२२ च्या दिवाळीला राज्य सरकारनें शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, तेव्हां त्या पिशवींत चार जिन्नस होते: एक किलो रवा, एक किलो साखर, एक लिटर पामतेल आणि एक किलो चण्याची डाळ.